आईच्या आधी

"तुमची पोर चालली आज! कपाटापासून थेट गादीपर्यंत. कुनाचा हात नाय, काय नाय!"

शेवंतीनं दारातच सांगून टाकलं आणि स्वयंपाकघरात दुधाच्या बाटल्या विसळत उभ्या असलेल्या निशिगंधाचा हात थांबला. नळ चालूच राहिला. पाणी बाटलीतून वर आलं, मनगटावरच्या पट्ट्यात शिरलं, तरी तिनं नळ बंद केला नाही, कारण तो बंद केला असता तर ती ऐकते आहे हे बाहेर कळलं असतं. दारात कृतिकाची आई हेमांगी होती, ऐरोलीच्या ऑफिसातून सुटून रिक्षानं धावत आलेली, गळ्यात ओळखपत्राची पट्टी अजून तशीच. हेमांगी म्हणाली, "हो?" मग जरा थांबून, "अय्या, हो का?" दुसरा 'हो' पहिल्याहून मोठा होता, वरून साखर भुरभुरवल्यासारखा. "चला, बाबाला सांगू हं घरी जाऊन," असं ती लेकीला म्हणाली, आणि मग गेटची कडी वाजली. रोज ती दारात रेंगाळायची. काय जेवली, किती झोपली, शी झाली का, दुपारी कुणी चावलं तर नाही ना. आज काही विचारलं नाही. कृतिकाची पाण्याची बाटली कट्ट्यावरच राहिली होती. निशिगंधानं नळ बंद केला तेव्हा पट्टा चिंब झाला होता आणि मनगट ठणकत होतं.

शेवंती आत आली ती अशी फुललेली की जणू पोर हिचीच. "लय खूश झाली आई," ती म्हणाली आणि खेळणी टोपलीत भरायला लागली. निशिगंधा तिच्या पाठीकडे पाहत राहिली. रागवायचं तर काय म्हणून रागवायचं? तू खरं का बोललीस म्हणून? गेला आठवडाभर तिनं या बाईला बाटल्या कशा उकळायच्या, कुणाला कशाची ॲलर्जी, कुणाला पोटावर झोपवायचं नाही, सगळं सगळं सांगितलं होतं. हे एक सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हेच तिला सुचलं नव्हतं. आपल्या अंगाला कसला वास येतो हे आपण कुणाला कुठे सांगतो, तसंच ते. शेवंतीनं स्कूटरची किल्ली उचलली, "येते उद्या चारला, काकी," म्हणाली, आणि निशिगंधाच्या ओठांवर आलं होतं की नको येऊस. ते ओठांवरच राहिलं. स्कूटरचा आवाज वळणावर विरला तशी ती कपाटापासून गादीपर्यंतची लादी उगाचच पुसायला बसली, एका हातानं.

गोष्ट अशी होती की निशिगंधाच्या पाळणाघरात आजवर एकही मूल पहिल्यांदा चाललं नव्हतं. इथे मुलं जेवत, झोपत, हगत, पडत, एकमेकांचे केस उपटत. पण पहिल्यांदा म्हणून काही करत नसत. पहिला दात इथे दिसत नसे, पहिला शब्द इथे फुटत नसे. ते सगळं घरी व्हायचं, शनिवार-रविवार बघून, आई-बाबांच्या देखत. म्हणजे व्हायचं इथेच. सोमवार ते शुक्रवार जे पोर दिवसभर इथे लोळतं ते चालायचं दुसरीकडे कुठे? पण एखाद्या पोरानं कपाट सोडलं, हात पसरले, आणि त्या भल्यामोठ्या मोकळ्या लादीवर डुलत पाय टाकला की निशिगंधा टाळी वाजवायची, त्याला उचलून त्याच्या मानेत तोंड खुपसायची, आणि संध्याकाळी दारात तोंडावरची सुरकुती हलू न देता म्हणायची, "आजउद्या चालेल हं. लक्ष ठेवा. मोबाईल हाताशी ठेवा." सोमवारी आई यायची, धापा टाकत, मोबाईल आधीच पुढे धरलेला. निशिगंधा चष्मा लावून बघायची आणि म्हणायची, "अगोबाई!" तिचं 'अगोबाई' फार चांगलं होतं. बाटल्या धुण्यापेक्षा, पोरं झोपवण्यापेक्षा तिला स्वतःच्या धंद्यातलं हेच कसब जास्त आवडायचं, आणि ते कुणाला सांगता येत नाही याचंही तिला छान वाटायचं. हेमांगीच्या मोठ्याचा, स्वानंदचा व्हिडिओही तिनं असाच पाहिला होता. आता तो शाळेत जातो. त्या वेळी हेमांगीनं पेढे आणले होते आणि निशिगंधानं त्यातले दोन खाल्ले होते, डोळ्यांत पाणी आणून.

आणि हे सगळं मदतनीस ठेवल्यामुळे. ती कशाला ठेवायला निघाली होती मदतनीस? इतकी वर्षं एकटीनं रेटलं होतं. पण मागच्या महिन्यात कृतिकाला पाळण्यातून काढताना डाव्या मनगटातून अशी कळ गेली की हातातली ताकदच निघून गेली, आणि पोर सरळ खाली आली. खाली गादी होती. पोर हसली, तिला तो खेळ वाटला. निशिगंधा मात्र गादीच्या कडेला बसून राहिली, कडेपासून लादी किती जवळ आहे ते बघत. कुणी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वजन उचलू नका म्हणाले. पाळणाघरवाल्या बाईला वजन उचलू नका! बंगलोरहून नयन फोनवर म्हणाला, "आई, बंद कर ना आता. कशासाठी करतेस?" तिला राग आला. नवरा, सुदेश, गेल्यानंतर या घरात सकाळी आठ वाजता दाराची बेल वाजते ती या पोरांची, नाहीतर कुणाची वाजणार होती? बंद करून काय करायचं, दोन खोल्यांतून फिरत बसायचं? बंद नाही करणार. पण एकटीला जमत नाही हेही खरं, आणि पुढच्या वेळी खाली गादी असेलच असं नाही. तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, कोपऱ्यावरच्या डेअरीत चिठ्ठी लावली: पाळणाघरासाठी मदतनीस पाहिजे, दुपारी चार ते रात्री आठ.

आलेल्या बायका आठवल्या की तिला अजून हसू येई. शिवानी नावाची कॉलेजातली मुलगी आली, एका कानात ते पांढरं बोंडूक तसंच, आणि पोरांपेक्षा वायफायची जास्त चौकशी करून गेली. एक बाई आली ती आल्या आल्या दिसेल त्या पोराचे मुके घेत सुटली. निशिगंधाला तिची शिसारी आली, पोरांनाही आली. एकीचे यजमानच तिच्या वतीनं बोलले. आणि मग एका दुपारी दारासमोर नवीकोरी स्कूटर थांबली. गळ्यात ठसठशीत सोनं, अंगावर चांगली कोरी साडी, आणि ही बाई म्हणे मदतनीस व्हायला आली आहे. "वळखलं नाय ना? मी ठमाबाईची शेवंती." ठमाबाईची नात! परकरात शेंबूड पुसणारी ती पोरगी! निशिगंधानं अनुभवाचं वगैरे काही विचारलंच नाही. ही बिल्डिंग ज्या शेतावर उभी आहे ते शेत शेवंतीच्या चुलत्यांचं होतं, पलीकडच्या बिल्डिंगीत तिचे स्वतःचे गाळे भाड्यानं दिलेले, नवरा तानाजी रेती-विटांचा धंदा करतो, पोरगा दहावीला. नोकरीची गरज काय हिला? "घरान बसून जीव उबगला, काकी. पोरगा तोंड दाखवत नाय. मना लहान पोरांची सवय हाय, आजीकडं वाढली ना मी, घर नुसतं पोरांनी भरलेलं." ठमाबाईच्या घरातलं माणूस, मग बघायचं काय? नयन तिच्याचकडे तर वाढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कृतिकाला सोडायला बाबा आला. तो नेहमीच घाईत असतो, त्यात काही नवीन नव्हतं. तरी निशिगंधानं त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. त्यानं पिशवी दिली, "येतो काकू," म्हणाला आणि गेला. हेमांगीचा रोज साडेअकराला मेसेज यायचा, जेवली का? आज आला नाही. निशिगंधानं मोबाईल दोनदा बंद करून चालू केला. मग आपणच लिहावं का, जेवली हं पोटभर? लिहिलं, खोडलं. इतकी वर्षं कुणाच्या आईबापाला आपण असं घाबरलो नव्हतो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली. काय होईल फार तर? काढून नेईल पोरीला. नेऊ दे. पण एक आई बोलली की दुसरीला कळतं, दुसरीला कळलं की ती आपला व्हिडिओ काढून बघते. आणि मग हळूहळू सगळ्या येतील, जुन्यासुद्धा, ज्यांच्या पोरांना आता मिसरूड फुटलं आहे त्याही, आणि दारात उभ्या राहून विचारतील. तिनं दुपटी घड्या करून ठेवली होती ती पुन्हा उलगडली आणि पुन्हा घड्या केल्या. कृतिका मधेच उठून हॉलभर चालत होती, आता तिला थांबवणार कोण! चालायची, धपकन बसायची, पुन्हा उठायची, आणि दर वेळी निशिगंधाकडे अशी बघायची की बघितलंस ना. निशिगंधा बघत नव्हती. बघायचं टाळत होती.

दुपारी पोरं झोपली की घरात एक जड शांतता यायची. वरणभाताचा, पावडरीचा, थोडा मुताचा वास, पंख्याची कुरकुर. या वेळी ती आडवी व्हायची. आज पडवेना. मनात एक गोष्ट दाराशी येऊन उभी होती, नेहमी येते तशी. दर वेळी एखादं पोर चाललं आणि तिनं ते संध्याकाळी गिळून टाकलं की ही गोष्ट यायची आणि ती तिला परत पाठवायची. नयनचं काय? नयन तर घरी चालला होता. तेव्हा ते इथेच कळव्यात, खाडीच्या बाजूला एका खोलीत राहायचे, ती ठाण्याला कचेरीत नोकरीला. सकाळी नयनला ठमाबाईच्या ओट्यावर ठेवून पळायची. संध्याकाळी पुन्हा उचलून आणायची. अंगाला चुलीचा धूर, तोंडाला नाचणीची खीर, केसांत खोबरेल. तो रविवार होता. ती मेथी निवडत बसली होती, मागे पाण्याच्या पिंपाला धरून नयन उभा. सुदेश आंघोळीला गेलेला. तिनं मान वर केली तर पोर पिंप सोडून तिच्याकडे येत होतं, हात वर केलेले, तोंड उघडं. मेथीच्या जुडीवरूनच आला आणि तिच्या मांडीत कोसळला. ती ओरडली, सुदेश साबणानं भरलेला तसाच टॉवेल गुंडाळून बाहेर आला. आईपण म्हणून तिला जे काही मिळालं त्यातलं हे सगळ्यात निखळ होतं. दिवसभर परक्याच्या ओट्यावर टाकून जाते, असं सासूबाई पत्रातून सुचवायच्या. त्यांना तिनं उलट टपाली कळवलं होतं की नातू चालला, माझ्याकडे चालत आला. कचेरीतही सगळ्यांना सांगितलं, माझ्यासाठी थांबला होता तो रविवारपर्यंत! ते वाक्य तिनं पुढे किती जणींना ऐकवलं असेल. पुढे नोकरी सोडली, पाळणाघर काढलं, आणि पहिलंच पोर तिच्यासमोर चाललं तेव्हा तिला वाटलं, याच्या आईलाही असाच रविवार मिळाला पाहिजे. ती युक्ती तिची होती. तिच्या डोक्यातून निघालेली. ठमाबाई असलं काही करणं शक्यच नव्हतं. ठमाबाईच्या घरी काय शिजलं ते अख्ख्या आळीला तिच्याच तोंडून कळायचं, सुनेचं दुखणं, दिराचा दावा, खाजणातल्या जमिनीचं भांडण, काही म्हणून तिच्या पोटात राहत नसे. ती हे लपवणार? ही तिची खात्री होती, आणि ती खात्री पुढे करूनच निशिगंधा दाराशी आलेल्या त्या गोष्टीला आजवर घालवत आली होती.

चारला शेवंती आली. येताना पोरांसाठी चिकू घेऊन आली होती. निशिगंधानं तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

"शेवंती, काल हेमांगीला ते सांगायला नको होतंस."

"कनाला, का नको? चालली ना पोर."

"चालली. पण ते तिच्या आईनं बघायचं असतं. आपण आधी बघितलं हे कळलं की तिचं काय राहिलं? ती दिवसभर तिकडे मान मोडून काम करते. तिला वाटू दे ना की आपल्यासमोर चालली. आपण गप्प बसायचं. मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. ही या घराची पद्धत आहे." हे म्हणताना तिचा आवाज चढला होता, आणि पुढचं वाक्यही तयार होतं: तुला जमणार नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.

शेवंती चिकू सोलता सोलता थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीतरी भलतंच होतं, खूप जुनं काहीतरी भेटल्यासारखं. "म्हंजे तुम्ही पण?" ती म्हणाली. "आजी पण असंच करायची. मना वाटलेलं, तीच एक तशी."

"काय करायची?"

"पोर चाललं की आयेला सांगायचं नाय. नयनच्या वेळी मना बोल्ली, तोंडातून शब्द काढलास तर तंगडं मोडीन. मी लहान होती, पोटात दुखायचं माझ्या. तुम्ही संध्याकाळी आयल्या की मी मागल्या दारी पळायची. नायतर बोलून गेली असती."

निशिगंधानं कट्ट्याला हात टेकला. दुखरा हात होता, टेकल्यावर कळलं. "नयन घरी चालला," ती म्हणाली. "रविवारी."

"त्याच्या आधी, काकी. आमच्या ओट्यावर. आजीनं उंबऱ्यावर नारळ फोडला, पोर चाललं की फोडायचीच ती. खोबरं आन गूळ आख्ख्या आळीत वाटला. तुम्हाला पण दिला ना संध्याकाळी? तुम्ही विचारलं, कसला हो प्रसाद? आजी बोल्ली, गावदेवीचा."

दिला होता. निशिगंधाला तो तळहातावर दिसला. खोबऱ्याचा तुकडा, त्यावर काळसर गूळ, कागद नाही काही नाही, ठमाबाईच्या खरखरीत बोटांनी सरळ हातात दाबलेला. एका खांद्यावर नयन, दुसऱ्या खांद्याला पर्स, आणि तिनं चालता चालता तो तोंडात टाकला होता. गूळ दाढेत अडकला होता. यांच्याकडे रोज काहीतरी देवाचं असतंच, असं तिच्या मनात आलं होतं, थोडं कौतुकानं आणि थोडं नाक मुरडून. स्वतःच्या पोराच्या पहिल्या पावलाचा नारळ तिनं खाल्ला होता आणि खांद्यावरचं पोर आणखी खाऊ दे म्हणून तिचा कान ओढत होतं. सगळ्या आळीला माहीत होतं. सोमवारी ती सांगत सुटली, नयन चालला, माझ्यासाठी थांबला होता, तेव्हा ठमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "काय सांगतंस!" आणि ओट्यावरच्या बाया हसल्या होत्या. ते हसू निशिगंधानं आनंदाचं धरलं होतं. आनंदाचंच असेल. पण आता त्या हसण्यात तिला जागा राहिली नव्हती. तिला लुबाडल्यासारखं वाटलं. अगदी स्पष्ट, चोरी झाल्यासारखं. आणि चोर कोण तर जिनं प्रेमानं केलं ती. तिला ठमाबाईचा भयंकर राग आला, मेलेल्या बाईचा. मग तिच्या लक्षात आलं की हा राग घेऊन आपल्याही दारात उभं राहता येईल अशा बायका कळव्यात, विटाव्यात, खारीगावात, थेट डोंबिवलीपर्यंत पसरल्या आहेत, आणि त्या अजून खुशीत आहेत.

"काकी, चुकलं का माझं?" शेवंती विचारत होती. "मना वाटलं, आपण मोठं झाल्यावर असं पोटात नाय ठेवायचं. लय दिवस ठेवलेलं."

बाहेर कुणीतरी उठून रडायला लागलं आणि दोघी धावल्या. मग दूध, चिकू, तोंडं धुणं, भांडणं. निशिगंधा करत होती सगळं, पण तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून खिडकीशी. उद्यापासून येऊ नकोस हे वाक्य अजून घशात होतं. आता ते कशासाठी म्हणायचं हे मात्र तिला कळेना.

हेमांगी आज लवकर आली. बाकीची पोरं अजून गेली नव्हती. ती दारात थांबली नाही. सँडल काढून आत आली आणि हॉलच्या लादीवर भिंतीला टेकून बसली, पर्स मांडीवर. कृतिका तिच्याकडे चालत गेली. हेमांगीनं तिला जवळ घेतलं, पण बघत होती निशिगंधाकडे.

"काकू, एक विचारते. खरं सांगाल?"

"विचार ना."

"काल घरी ही चालली. मस्त चालली. अजिबात घाबरत नव्हती. मग मी स्वानंदचा तो जुना व्हिडिओ काढून बघितला. तो पण घाबरत नाहीये, काकू. पहिल्यांदा चालणारं पोर असं चालतं? पडला तरी हसतोय, लगेच उठतोय. सवय असल्यासारखा." तिनं कृतिकाचा फ्रॉक सारखा केला. "तो पण इथेच चालला होता ना आधी?"

छे गं, काहीतरीच काय. वाक्य जिभेवर होतं, तयार, गुळगुळीत, 'अगोबाई'सारखंच वापरून वापरून मऊ झालेलं. ते म्हटलं असतं तर हेमांगीनं मानलं असतं. मानायलाच आली होती ती, चेहऱ्यावर दिसत होतं. निशिगंधाची नजर शेवंतीकडे गेली. शेवंती खेळण्यांची टोपली पोटाशी धरून उभी होती आणि तिनं ओठ आत दुमडून घट्ट मिटले होते, पोरं मिटतात तसे. काकीनं सांगितलं आहे, गप्प बसायचं. एवढी सोन्यानं मढलेली बाई, आणि तोंड दाबून उभी.

"हो," निशिगंधा म्हणाली. "इथेच."

कृतिकानं आईची ओळखपत्राची पट्टी तोंडात घातली होती, ती हेमांगीनं काढली नाही.

"मी सुट्टी टाकली होती," मग ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात आजउद्या चालेल, म्हणून मी शुक्रवारी सुट्टी टाकली, बॉसशी भांडून. आणि सगळ्यांना सांगत फिरले, की माझ्यासाठी थांबला होता. तुमच्यासमोर सांगितलं मी, काकू. तुम्ही पेढा खाल्लात."

"खाल्ला."

"का असं केलंत?"

तुला मिळावं म्हणून, असं निशिगंधाला म्हणायचं होतं. ते खरंही होतं. पण तेच वाक्य कुणी आत्ता तिला ऐकवलं असतं तर तिनं त्या माणसाला घराबाहेर काढलं असतं. ती गुडघ्यांवर हात ठेवून हेमांगीच्या समोर खाली बसली. "मला वाटायचं, बरं करते," ती म्हणाली. "आज वाटत नाही."

हेमांगी रडली. फार नाही, नाक ओढून ओढणीनं पुसलं. निशिगंधाला वाटलं, आता उठेल, पिशवी घेईल, आणि हे संपलं. पण ती उठली नाही. थोड्या वेळानं, लादीकडे बघत, चिडक्या आवाजात म्हणाली, "मग कसा चालला तो? सांगा तरी."

आणि निशिगंधाला सगळं आठवत होतं. हीच तर गंमत होती. कुणालाच सांगितलं नसल्यामुळे एकेक पोर तिच्याकडे जसंच्या तसं शिल्लक होतं. "त्याला चालायचं नव्हतंच मुळी," ती म्हणाली. "खिडकीत कावळा येऊन बसला होता. याच्या हातात पोळीचा तुकडा. त्याला तो कावळ्याला द्यायचा होता. बसूनच हात लांब केला, पोचेना. मग उठला, रागानं, माझ्याकडे बघितलं की तू का देत नाहीस, आणि गेला. तीन-चार पावलं. कावळा उडाला. मग याला कळलं की आपण कशाला धरलेलं नाही, आणि तो भोकाड पसरून रडायला लागला. चालला म्हणून नाही. कावळा गेला म्हणून."

हेमांगी हसली, नाकातून, ओलं हसू. "अजून तसाच आहे मेला," ती म्हणाली. "रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला खायला घालतो." मग ती उठली, कृतिकाला कडेवर घेतलं, पिशवी शोधली, कालची विसरलेली बाटली आत टाकली. तोंड अजून फुगलेलंच होतं. सँडल घालताना मान वर न करता म्हणाली, "उद्या मला सात होतील. मीटिंग आहे."

"होऊ दे सात," निशिगंधा म्हणाली. "शेवंती आहे."

एकेक करत बाकीची पोरं गेली. शेवंतीनं हॉल झाडला, गाद्या उभ्या केल्या आणि स्कूटरवर जाताना बांधते तो रुमाल तोंडाला बांधायला लागली. निशिगंधा तिच्यामागे येऊन उभी राहिली. तिला हे विचारायचं नव्हतं. विचारलं की रविवार गेला, मेथी गेली, साबण लावलेला सुदेश गेला, हे तिला समजत होतं. पण हेमांगी जशी हावरेपणानं विचारत होती तसंच तिच्याही आत काहीतरी हात लांब करून बसलं होतं.

"थांब जरा," ती म्हणाली. "बस. नयन कसा चालला?"

शेवंतीनं रुमाल सोडला. ती उंबऱ्यावरच बसली, पाय बाहेर पायरीवर सोडून.

"सकाळची येळ होती," ती म्हणाली. "आजी सुकट निवडत होती. तुम्ही त्याला माझ्याकडं दिला आन निघाल्या. रोज रडायचा, त्या दिवशी नाय रडला. माझं बोट धरून उभा होता, तुमच्याकडं बघत. तुम्ही घाईत, चालता चालता पदर खोचत होत्या. आन त्यानं माझं बोट सोडलं. ओट्याच्या कडंपर्यंत आला, काकी, तुमच्या मागं. मना तर काय करू नि काय नको झालं. मी ओरडणार होती, काकी, बघा! आजीनं हाताला लागलेल्या सुकटीसकट माझं तोंड दाबलं. बोल्ली, गप, तिची गाडी चुकंल."

बाहेर कुणाची तरी गाडी येऊन थांबली, हॉर्न वाजला, गेली. निशिगंधा दाराची चौकट धरून उभी होती.

"मी किती लांब गेले होते?" तिनं विचारलं.

शेवंतीनं समोर पाहिलं, जणू ती आळी अजून तिथेच होती. "लांब कुठं," ती म्हणाली. "हाक पोचली असती."